ज्योत्स्नाचा मास्क

चेंडू रिंगवर आपटून वर उडाला आणि आम्ही चौघी एकदमच झेपावलो. खाली आले तेव्हा चेंडू माझ्या हातात होता. ज्योत्स्ना गुडघ्यांवर बसली होती. दोन्ही हातांची ओंजळ तिनं तोंडाशी धरली होती आणि बोटांच्या फटींतून सिमेंटच्या कोर्टवर रक्त टपटपत होतं.

"कोपर लागलं," मी म्हणाले. "सर, माझं कोपर लागलं."

आमचे कोच पिंपळापुरे सर शिट्टी टाकून धावत आले. "मान वर नको करू. पुढं वाक. तोंडानं श्वास घे, बेटा, तोंडानं." कुणीतरी टॉवेल आणला. तो भिजला, दुसरा आणला.

ऑटोत सर पुढं बसले. मागं ज्योत्स्ना आणि मी. दवाखाना येईपर्यंत मी रडत होते. सर मागं वळून म्हणाले, "होतं असं वृंदा. रिंगखाली कोपरं लागतातच. तू नको मनाला लावून घेऊ." ज्योत्स्नानं टॉवेल तोंडाशी दाबून धरला होता. तिला बोलता येण्यासारखं नव्हतंच.

ही नागपूरची गोष्ट, सत्तावीस वर्षांपूर्वीची. डिसेंबर संपत आला होता आणि सोळा दिवसांवर सांगलीला बास्केटबॉलची राज्य स्पर्धा होती. ज्योत्स्ना गजभिये आमच्या क्लबची कप्तान. पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढं घेऊन जाणारी, सगळा खेळ मांडणारी. मीही पॉइंट गार्डच, पण तीन वर्षं तिच्या मागं. ती दमली की मी आत जायची, आणि ती दमायची नाही. त्या वर्षी रेल्वेच्या संघाचे निवडकर्ते सांगलीला येणार होते. आवडलेल्या मुलीला खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मिळणार होती. ज्योत्स्नाच्या वडिलांची मिल बंद पडून पाच वर्षं झाली होती. ती सकाळी शाळेतल्या पोरांच्या शिकवण्या घ्यायची, संध्याकाळी खेळायची. माझ्या घरी तशी चणचण नव्हती. मला फक्त खेळायचं होतं.

डॉक्टरांनी नाकाचं हाड बसवलं. बाहेर येऊन म्हणाले, "सहा आठवडे खेळ बंद. हाड अजून कच्चं आहे. पुन्हा मार बसला तर नुसतं बसवून भागणार नाही. ऑपरेशन लागेल आणि श्वासाचा त्रास जन्मभराचा होईल."

"आणि चेहऱ्यावर काही संरक्षण घातलं तर?" सरांनी विचारलं.

"असं काही मिळतं का आपल्याकडं?"

"मिळत नाही," सर म्हणाले.

चार दिवसांनी सर माझ्या घरी आले. हातात एका जुन्या इंग्रजी मासिकाचं पान होतं. एका परदेशी खेळाडूचा फोटो. कपाळापासून गालांपर्यंत काचेसारखा पारदर्शक मास्क, मागं पट्टे बांधलेले. सर माझ्याशी बोलायला आलेच नव्हते. ते बाबांकडं आले होते.

माझे बाबा डेंटल मेकॅनिक. महाल भागात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत ते कवळ्या बनवायचे. गावातले दातांचे डॉक्टर मापं पाठवत, बाबा दात बसवून देत. टेबलावर कायम कुणाच्या तरी हिरड्यांचे प्लास्टरचे साचे मांडलेले असत.

"घाटोळेसाहेब, असं काही जमेल का तुम्हाला?"

बाबांनी फोटो उजेडात धरला. बराच वेळ पाहिला. मग स्वतःच्या चेहऱ्यावर अंगठा फिरवत म्हणाले, "गंमत पाहा सर. हा मास्क नाक झाकतो, पण नाकाला टेकत नाही. टेकतो कुठं? इथं कपाळाला आणि इथं गालांच्या हाडांना. मार मास्कवर बसला की तो कपाळ आणि गाल वाटून घेतात. नाकापर्यंत जातच नाही."

"म्हणजे जमेल?"

"कवळी म्हणजे तरी काय? एका माणसाच्या तोंडात बसते ती दुसऱ्याच्या बसत नाही. हाही तसाच त्या पोरीच्या मापाचा करावा लागेल. पाठवा तिला."

"नियमात चालतो," सर मला म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "दुखावलेल्या नाकासाठी कडक वस्तू घातली तरी चालते, पुस्तकात लिहिलंय. वृंदा, तुझ्या बाबांनी टीमला वाचवलं बघ."

"हो सर," मी म्हणाले.

ज्योत्स्ना दुसऱ्या दिवशी दुपारी आली. डोळ्यांखाली काळंनिळं झालं होतं, नाकावर पट्टी. बाबांनी तिला खाटेवर निजवलं, भुवयांना व्हॅसलीन लावलं, तोंडात एक जाड नळी धरायला दिली.

"दातांचं माप घेतो तीच पेस्ट आहे, मऊ. चेहऱ्यावर ओतल्यावर गार लागेल. चार-पाच मिनिटं डोळे उघडायचे नाहीत, बोलायचं नाही, हलायचं नाही. श्वास फक्त नळीतून. भीती वाटते?"

तिनं मान हलवली. नाही.

"वृंदा, तू हिच्याजवळ बस. हात धर. बेटा, श्वास अडकला तर हिचा हात दाबायचा. लगेच काढून टाकीन."

मी खाटेच्या कडेला बसले. तिचा हात गार होता, तळव्याला चेंडूनं आलेले घट्टे होते. बाबांनी ती गुलाबी पेस्ट आधी कपाळावर, मग डोळ्यांवर, गालांवर आणि सगळ्यांत शेवटी नाकावर अलगद सोडली. बघता बघता ज्योत्स्नाचा चेहरा नाहीसा झाला. एक गुलाबी गोळा आणि त्यातून वर आलेली नळी राहिली. नळीतून श्वासाचा सूं-सूं आवाज येत होता.

बाबा घड्याळ बघत होते. मधेच म्हणाले, "मार कसा लागला म्हणे? समोरून की बाजूनं? त्याप्रमाणे कड जाड करावी लागेल."

ती बोलू शकत नव्हती. मी म्हणाले, "बाजूनं. मी चेंडू घेऊन खाली येत होते."

तिच्या बोटांनी माझा हात घट्ट आवळला.

"बाबा, ती हात दाबतेय!"

बाबा झटकन वाकले. "श्वास येतोय का? येत असेल तर हात सोड, बेटा."

एक क्षण गेला. मग तिची बोटं एकेक करून सुटली. पुढची दोन मिनिटं तिचा हात माझ्या हातात नुसता पडून होता.

त्या चेहऱ्याचं प्लास्टर झालं. कवळीच्या साच्यात ते मावणारं नव्हतं, म्हणून बाबांनी स्वयंपाकघरातल्या जर्मनच्या मोठ्या गंजात काम केलं. नाकाच्या जागी मेणाचा थर देऊन उंची वाढवली, वर पारदर्शक ॲक्रिलिक चढवलं, कडक होईपर्यंत गरम पाण्यात पिकवलं. पहिला मास्क तडकला. दुसरा जमला. घासून, पॉलिश करून तो हातात घेतला तेव्हा थोडा धुरकट होता, पण आरपार दिसत होतं.

नेमकं त्याच दिवशी वर्ध्याच्या डॉक्टरांचं तातडीचं काम निघालं. बाबांना दोन-तीन दिवस तिकडं जावं लागणार होतं. निघताना त्यांनी मास्क आणि फोमचा तुकडा माझ्यापुढं ठेवला.

"कपाळाला दोन थर, दोन्ही गालांना दोन-दोन थर. एका थरानं भागणार नाही, मास्क आत बसेल. चिकटवून झालं की प्लास्टरच्या चेहऱ्यावर ठेवून बघ. नाक आणि मास्क यांच्यामधून काडेपेटीची काडी सहज सरकली पाहिजे. नाही सरकली तर पुन्हा कर. समजलं?"

"समजलं."

मी फोम कापला, चिकटवला, पट्टे ओवले आणि दुसऱ्या दिवशी मास्क मैदानावर नेऊन ज्योत्स्नाच्या हातात दिला. तिनं तो घातला. पोरी जमल्या. कुणी हसल्या, कुणी म्हणाल्या, वेल्डिंगवाल्यासारखी दिसतेस. सर तिच्याभोवती फिरून बघत होते.

"टोचतोय कुठं?"

"नाही. थोडा घट्ट आहे."

"नवीन आहे, बसेल हळूहळू."

खेळ सुरू झाला. आणि पाचच मिनिटांत सगळ्यांना दिसलं ते दिसलं. ज्योत्स्ना धावत होती, चेंडू तिच्या हाताला चिकटल्यासारखा येत होता, पण कुणी अंगावर आलं की ती डोळे मिटायची. क्षणभरच. मान बाजूला आणि डोळे बंद. तेवढ्यात चेंडू जायचा.

"डोळे मिटतेस," सर म्हणाले.

"नाही मिटत सर आता."

पुन्हा मिटले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी टीममधल्या सुलभानं नुसता हात वर केला, तर ज्योत्स्नानं चेंडूच सोडून दिला. सरांनी खेळ थांबवला. माझ्याकडं आले आणि हळू आवाजात म्हणाले, "वृंदा, तयारीत राहा. सांगलीला पहिल्या पाचांत तू."

तीन वर्षं मी या वाक्याची वाट पाहत होते. माझ्या तोंडून "बरं सर" एवढंच निघालं.

त्या संध्याकाळी सगळ्या गेल्या. मी सायकलचं कुलूप काढत होते, तेवढ्यात मागून ज्योत्स्नाचा आवाज आला.

"वृंदे, थांब जरा."

ती अजून मास्क घालूनच होती. अजून उजेड होता. कोर्टवर आम्ही दोघीच.

"काय गं?"

"मला मार."

"काय?"

"नाकावर. म्हणजे मास्कवर. कोपरानं." मास्कमुळं तिचा आवाज नाकातून यायचा. "भीती वाटून राहिली ना मला, ती बोलून नाही जात. रोज रात्री ठरवते, नाही मिटायचे डोळे. कुणी आलं की मिटतात. एकदा मार लागला आणि काही झालं नाही हे कळलं, की बस."

"सरांना सांग ना."

"सर नाही मारणार. कोणीच नाही मारणार. तू मार."

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हात मागं बांधले. डोळे ताणून उघडे ठेवले होते, मास्कच्या आत पापण्या थरथरताना दिसत होत्या.

"मार ना. आणि हळू नको मारू. हळू मारून काय फायदा?"

मी हात वर केला. कोपर खांद्याच्या रेषेत आणलं. तिचं नाक मास्कच्या आत मला स्पष्ट दिसत होतं. त्याचा उंचवटा ॲक्रिलिकला लागलेला होता, तिथं घामाचा एक चपटा ठिपका पडला होता. काडी सोडा, तिथून कागदही सरकला नसता.

"वृंदे, मार!"

"मास्क काढ," मी म्हणाले.

"कामून?"

"काढ म्हणते ना. आत फोमचा एकच थर आहे. बाबांनी दोन सांगितले होते."

तिनं सावकाश मास्क काढला. उलटा केला. कपाळाच्या पट्टीवर अंगठा दाबून पाहिला, मग गालांच्या.

"विसरली का?"

तिनं ते अगदी साधेपणानं विचारलं. मी हो म्हणाले असते तर गोष्ट तिथं संपली असती. मी तोंड उघडलंही होतं.

"नाही," मी म्हणाले. "मला वाटलं थोडं दुखेल, मग तूच काढून ठेवशील. बाहेर बसशील. हाड पुन्हा मोडेल असं मी... तेवढा विचारच केला नव्हता."

तिनं मास्क सरळ केला.

"आणि त्या दिवशी?"

मैदानाबाहेरच्या रस्त्यावरून एक टेम्पो गेला.

"त्या दिवशीही," मी म्हणाले.

"चेंडू तर आधीच तुझ्या हातात आला होता," ज्योत्स्ना म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तू कोपर मागं घेतलं आणि मग मारलं. घरी पडून पडून मी तेच पाहत होते. मला वाटायचं, मलाच भास होऊन राहिला. एका टीमच्या पोरी आपण."

"तुला माहीत होतं? मग आमच्या घरी कशी आलीस?"

"दुसरं कोण बनवून देणार होतं?"

तिनं मास्क पिशवीत टाकला, सायकल घेतली.

"चल."

"कुठं?"

"तुझ्या घरी. काका आले असतील ना वर्ध्याहून?"

ती पुढं, मी मागं. वाटेत तिनं एकदाही वळून पाहिलं नाही. मी आले नाही तरी तिला चाललं असतं, असं तिच्या पाठीकडं बघून वाटत होतं. मला मात्र दुसरीकडं जायला जागा नव्हती.

बाबा नुकतेच आले होते. पाय धुऊन चहा घेत बसले होते. ज्योत्स्नाला पाहून उठले. "ये बेटा. कसा काय बसला मास्क?"

तिनं पिशवीतून मास्क काढून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं. बोलायचं मलाच होतं.

"बाबा, मी एकच थर लावला."

"फोम कमी पडला का?"

"नाही. होता."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, पुन्हा माझ्याकडं पाहिलं. कपबशी खाली ठेवली. काही विचारतील म्हणून मी उभी राहिले. त्यांनी दिवा लावला, चाकूच्या टोकानं मी लावलेल्या पट्ट्या खरवडून काढल्या. फोम माझ्या हाताजवळच्या फळीवर होता. तो त्यांनी मला मागितला नाही. स्वतः उठून, माझ्या बाजूनं वळसा घालून घेतला. एक थर. वाळू दिला. दुसरा थर. मग प्लास्टरच्या चेहऱ्यावर मास्क ठेवून काडी सरकवून पाहिली. या बाजूनं आत गेली, त्या बाजूनं बाहेर आली.

"घाल बेटा."

तिनं घातला. बाबांनी बोटानं मास्कवर नाकाच्या जागी टकटक केलं, मग जरा जोरात.

"लागतं?"

"नाही काका."

"उद्या सकाळपर्यंत घालू नको. चिकटवलेलं पक्कं होऊ दे." आणि मग, माझ्याकडं न बघता, "काही कमीजास्त वाटलं तर सरळ माझ्याकडं यायचं. मधे कोणाजवळ द्यायचा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी कोर्टवर गेले. ती येईल असं ठरलं नव्हतं, पण ती आधीच आलेली होती. थंडीनं बोटं बधिर झाली होती. ती मास्क बांधून रिंगखाली उभी राहिली आणि हात मागं घेतले.

"आता मार."

मी मारलं. ठक्क असा कोरडा आवाज झाला. ती दोन पावलं मागं गेली. डोळे घट्ट मिटलेले.

"लागलं?"

"नाही. परत."

पुन्हा मारलं. पुन्हा डोळे मिटले. तिसऱ्यांदा तिनं ओठ चावला. "जोरात मार. त्या दिवशी मारलं तसं." माझं कोपर सोलवटलं होतं. चौथ्यांदा मारताना मला हुंदका आला तर ती ओरडली, "रडू नको! रडत मारशील तर नेम चुकेल."

सहाव्यांदा मी उडी मारून, चेंडू पकडल्यासारखे हात करून, वरून खाली येताना कोपर फिरवलं. मास्क तिच्या कपाळावर दाबला गेला, डोकं मागं हललं, पण डोळे उघडे होते. थेट माझ्यावर.

"अजून एक," ती म्हणाली.

सातव्यांदाही उघडेच राहिले.

"बस," ती म्हणाली, आणि चेंडू आणायला गेली.

सांगलीला पहिल्या पाचांत तीच होती. उपांत्य सामन्यात पुण्याच्या एका उंच मुलीचा खांदा तिच्या तोंडावर बसला. आवाज बेंचपर्यंत आला. पिंपळापुरे सर उभे राहिले, मीही उभी राहिले. ज्योत्स्नानं चेंडू सोडला नव्हता. त्या मुलीच्या बगलेखालून तिनं सुलभाला पास दिला आणि सुलभानं बास्केट केली. फायनल आम्ही तीन गुणांनी हरलो. त्या अख्ख्या स्पर्धेत मी चार मिनिटं खेळले. रेल्वेच्या निवडकर्त्यांनी ज्योत्स्नाचं नाव लिहून घेतलं.

परत येताना महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये भुसावळनंतर सगळ्या पेंगत होत्या. ज्योत्स्ना दाराजवळच्या बेसिनपाशी तोंड धूत होती. कपाळावर आणि गालांवर फोमचे लालसर वळ होते. मी तिच्याजवळ गेले.

"ज्योत्स्ना, मला तुझी..."

"माफी नको मागू," ती म्हणाली. नळ बंद केला. "तू मागशील आणि मग मला काहीतरी म्हणावं लागेल. माझ्याजवळ म्हणायला काही नाही."

"बरं."

"सरांना मी सांगितलं नाही, सांगणारही नाही. पण नोकरीचं पत्र येईपर्यंत मी याच क्लबमध्ये खेळणार आहे. तोपर्यंत तू रिंगखाली माझ्यासोबत नको."

"बरं," मी पुन्हा म्हणाले.

तिनं ओढणीनं तोंड पुसलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

तिला पत्र सप्टेंबरात आलं. नंतर ती रेल्वेकडून दहा वर्षं खेळली, आता भिलाईकडं कुठं तरी मोठ्या पदावर आहे असं ऐकते. ती गेल्यावर मी मैदानावर परत जाऊ शकले असते. गेले नाही. का खेळ सोडला असं कुणी विचारलं तर आजवर एकच उत्तर दिलं आहे, गुडघा. नवऱ्यालाही तेच माहीत आहे.

ते उत्तर मी पहिल्यांदा पिंपळापुरे सरांना दिलं. सांगलीहून आल्यावर मी दोन आठवडे मैदानावर गेले नाही, तेव्हा ते घरी आले. सोबत मालिशचं तेल आणि हाडांच्या एका डॉक्टरांचा पत्ता होता. मी आतून लंगडत बाहेर आले आणि त्यांच्यासमोर बसले. सर अर्धा तास समजावत होते. "विश्रांती घे, व्यायाम कर, पण सोडू नको. आता ज्योत्स्ना जाईल, जागा तुझीच आहे. मी ठेवतो." बाबा कोपऱ्यात एक कवळी घासत होते. अर्ध्या तासात त्यांनी मान वर केली नाही.

मी लंगडतच सरांना दारापर्यंत सोडून आले.

घासण्याचं मशीन बंद झालं. "कोणता गुडघा सांगितलास?" बाबांनी विचारलं.

"उजवा."

"आत्ता लंगडलीस ती डाव्या पायानं," ते म्हणाले, आणि मशीन पुन्हा सुरू केलं.